आटलेली विहीर, अडलेला नळ

मागच्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवरील एका वस्तीत बुद्धविहारातील वंदना आटोपली आणि सवयीप्रमाणे मी तिथेच कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. रविवारी तास-दीड तास लोकांचे कागद पाहायचे, अर्ज लिहून द्यायचे, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. त्या दिवशी पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई आल्या. चार घरची धुणीभांडी करतात. पदराच्या गाठीतून त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, ‘‘जयभीम साहेब. पैसं द्यायच्या आधी तुमाला दाखवावं म्हनलं.’’

चिठ्ठी बोअरिंगवाल्याची होती. दोनशे फूट बोअर, केसिंग, मोटर, केबल, पाईप, मजुरी मिळून १ लाख ३५ हजार रुपये. आणि सर्वात खाली बारीक अक्षरात एक ओळ : पाणी लागण्याची जबाबदारी आमची नाही!

ताईंच्या चाळीमागे सात घरांची मिळून एक विहीर आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईत आलेल्या त्यांच्या सासऱ्यांच्या पिढीने दिवसा खडी फोडून आणि रात्री टेकडी फोडून ती खोदली. ती फेब्रुवारीतच आटली. आता सात घरांनी मिळून बचत गटाचे कर्ज काढायचे, उरलेल्या पैशांसाठी बायकांनी कानातले गहाण ठेवायचे आणि बोअर मारायची, असे ठरत आले होते. मी विचारले, ‘‘ताई, विहीर आटली की बुजली?’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्ये कसं कळनार?’’

हा प्रश्न सात घरांपुरता नाही. घाटकोपरच्या असल्फा, भटवाडी, पार्कसाईटच्या चढावरील वस्त्यांत राहणाऱ्या आणि पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत रमाबाई आंबेडकर नगरात आयुष्य काढलेल्या आपल्या माणसांचा एक पाय मुंबईत आणि एक पाय गावात असतो. एप्रिल उजाडला की जालना, बीड, वाशीम, बुलढाण्याहून भावाचा फोन येतोच, ‘‘दादा, विहिरीनं तळ दाखवला, काही पैशांचं बघ.’’ इथेही तेच, तिथेही तेच. आणि दोन्ही ठिकाणी घाबरलेल्या गरिबाच्या दारात सर्वात आधी पोहोचतो तो बोअरिंगची गाडीवाला, त्याच्या मागोमाग सावकार. म्हणून आज या स्तंभात थोडी वेगळी चर्चा करायची आहे. कमी पैशात विहीर कशी वाचवायची आणि विहीर वाचवतानाच नळाचा हक्क कसा सोडायचा नाही, याची.

पाणी हा आंबेडकरी चळवळीचा आरंभबिंदू आहे, हे नव्या पिढीला पुन्हा सांगण्याची गरज आहे. महात्मा जोतिराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. म्हणजे सामाजिक क्रांतीचे एक पहिले पाऊल घरच्या पाण्यावरच पडले. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा कुठे त्या कागदाला जीव आला.

परंतु महाडची दुसरी लढाई आपण विसरतो. ती कोर्टात झाली आणि दहा वर्षे चालली. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही, ते ‘चौधरी तळे’ आहे, खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरू नये अशी अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. सत्याग्रह परिषदेच्या तोंडावर त्यांनी तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला. बाबासाहेबांनी रस्त्यावरची लढाई तेवढ्यापुरती थांबवली, पण कागदाची लढाई सोडली नाही. नकाशे, सरकारी नोंदी, नगरपालिकेचे दप्तर, साक्षी. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्यापुढे निकाल लागला. अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. तळे आपले झाले! ओंजळ एका दिवसात भरली, पण ती हक्काची ठरायला दहा वर्षे लागली. पाण्याच्या प्रश्नात ओंजळ आणि कागद दोन्ही लागतात, हा महाडचा धडा आहे.

आता ताईंच्या विहिरीकडे येऊ.

पुढच्या रविवारी आम्ही पाचसहा जण दोरी आणि दगड घेऊन विहिरीवर गेलो. विहीर तीस फूट खोल खोदली होती, हे जुन्या माणसांना पक्के आठवत होते. दोरीला दगड बांधून सोडला तर तो पंचवीस फुटांवरच टेकला. याचा अर्थ तळाशी पाच फूट गाळ! सहा फूट व्यासाच्या विहिरीत पाच फूट गाळ म्हणजे जवळजवळ दीड ब्रास माती. ज्या झऱ्यांतून पाणी यायचे, त्यांच्या तोंडावरच ती बसलेली. विहीर आटली नव्हती, तिचा गळा दाबला गेला होता.

म्हणून पहिला नियम असा. पैसे मोजण्याआधी विहीर मोजा. दोरी-दगडाने खोली घ्या, पाण्याची पातळी घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. दुसरे, मोटर तपासा. वर जोत्यावर ठेवलेली मोटर साधारण पंचवीस फुटांपेक्षा खालचे पाणी ओढू शकत नाही. पाणी त्याखाली गेले की मोटर नुसती हवा घेते आणि आपण म्हणतो, विहीर आटली. अनेकदा फूटव्हॉल्व गळका असतो किंवा पाईपला चीर असते. काही शे रुपयांचे काम लाखावर जाते ते असे. तिसरे, आजूबाजूला पाहा. शेजारी नवी इमारत उभी राहात आहे काय, तिच्या पायाच्या खड्ड्यातून रात्रंदिवस पाणी उपसले जात आहे काय, कुणी खोल बोअर मारली आहे काय? कारण कळले तर उपाय कळतो. दुःखाचे कारण शोधल्याशिवाय निवारण नाही, हे आपल्याला तथागताने शिकवले. ते विहिरीलाही लागू आहे.

गाळ काढण्यासाठी यारी भाड्याने आणली. मजुरी वस्तीतल्याच तरुणांनी केली. आतल्या दगडी बांधकामात पिंपळाचे रोप उगवून त्याच्या मुळ्यांनी सांधे फोडले होते. ते जपून काढले आणि विहाराच्या आवारात लावले. सांधे सिमेंटने भरले, कठडा हातभर उंच केला, वर डासबंद जाळीचे झाकण बसवले. मुंबईत झाकण ही चैन नाही. इथल्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, हे १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या तपासणीत सिद्ध झाले आणि त्यानंतर या शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या. उघडी विहीर ठेवाल तर उद्या नोटीस येईल आणि ती योग्यच असेल. सगळा खर्च १४ हजार ६०० रुपये झाला. घरटी एकवीसशेच्या आत. कानातले कानातच राहिले!

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. विहिरीत उतरताना जीव सांभाळा. अनेक दिवस बंद असलेल्या विहिरीत, टाकीत विषारी वायू साचतो. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाचा साठा असलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवताना एकामागोमाग उतरलेले पाच जण मृत्युमुखी पडले. ९ मार्च २०२५ रोजी आपल्या मुंबईत, नागपाड्याला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. अशा विहिरीत, अशा गटारात, अशा टाकीत सर्वात आधी उतरवले जाते ते कुणाला, हे सांगण्याची गरज आहे काय? दिवा सोडून पाहा. विझला तर उतरू नका, पण जळत राहिला म्हणून धोका नाही, असेही समजू नका. आधी बराच वेळ हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर दोन माणसे हजर ठेवा आणि डिझेल इंजिन विहिरीच्या आत कधीही ठेवू नका. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्या मागे उडी घेऊ नका. दोराने ओढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

गाळ निघाला, झरे मोकळे झाले. मग आम्ही विहीर उपसून घड्याळ लावले. तासाभरात पाणी एक फूट चढले. सहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे आठशे लिटर. हा हिशेब प्रत्येकाने शिकून घ्यावा, कारण विहिरीची खरी कमाई तिच्या खोलीत नसते, तासाला किती पाणी भरते त्यात असते. जेवढे भरते तेवढेच उपसायचे. म्हणून मोठी मोटर लावायची नाही. लहान मोटरने थोडे थोडे पाणी टाकीत चढवायचे आणि सात घरांनी वाटून घ्यायचे. मे महिन्यात पाणी निम्म्यावर आले, पण थांबले नाही.

बोअर मारली असती तर? मुंबई आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी असते ते मुख्यत्वे वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. खाली भेग सापडली तर नशीब, नाहीतर दोनशे फूट कोरडी धूळ. टेकडीच्या उतारावर तर पाणी थांबतच नाही, पायथ्याकडे जाते. आणि घाटकोपर पूर्वेला खाडीच्या बाजूला बोअर मारली तर पाणी लागेल, पण मचूळ! हे सारे भूगर्भशास्त्र आहे, नशीब नाही. पण आपल्याकडे अजूनही हातावर नारळ उभा करणारा, कडुलिंबाची काडी फिरवणारा पाणाड्या बोलावला जातो, त्याला दक्षिणा दिली जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पाणाड्याचे काय काम? राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात तिची कार्यालये आहेत, भूवैज्ञानिक आहेत. गावाकडच्या बांधवांनी त्यांच्याकडे अर्ज करावा. मुंबईत तर आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवी विहीर खोदताच येत नाही. बोअरिंगवाला हे चिठ्ठीवर लिहीत नाही.

पावसाच्या पाण्याबद्दलही खरे तेच सांगितले पाहिजे. सात घरांचे पत्रे प्रत्येकी दीडशे चौरस फूट धरले तर एकूण साडेदहाशे चौरस फूट होतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गळती-सांडणी वजा जाता दीड लाख लिटरच्या वर पाणी पन्हाळीतून गोळा करता येते. पहिल्या दोन पावसांचे पाणी वाहू द्यायचे, नंतरचे खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून विहिरीत सोडायचे. परंतु पावसाळ्यात उथळ विहीर तशीही भरते आणि टेकडीवरचे मुरलेले पाणी उतारावरून निघून जाते. म्हणून सप्टेंबरातले शेवटचे पाऊस महत्त्वाचे आणि साठवणीची टाकी त्याहून महत्त्वाची. कुणी ‘एक पाईप जोडा आणि बारमाही पाणी घ्या’ असे सांगत असेल तर तो तुम्हाला पाईप विकतो आहे.

राहिला पिण्याचा प्रश्न. दाट वस्तीत गटार आणि शौचालय विहिरीपासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असतात. असे पाणी दिसायला कितीही नितळ असले तरी तपासल्याशिवाय पिऊ नये. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, आपण जिला टीसीएल म्हणतो ती, पाण्यात कालवून, निवळी विहिरीत टाकून किमान तासभर थांबायचे, हा आरोग्य खात्याचा जुना हिशेब आहे. ताईंच्या विहिरीत चार फूट पाणी असेल तर सुमारे ३,२०० लिटर, म्हणजे आठ ग्रॅम पावडर. पण गटार जिथे झिरपते तिथे पावडर किती दिवस पुरणार? म्हणून सात घरांनी ठरवले, विहीर धुण्या-भांड्याला आणि संडासाला. पिण्याला नाही.

मग पिण्याला काय?

इथे गाळाचा प्रश्न संपतो आणि राज्यघटनेचा प्रश्न सुरू होतो. सात घरांत पस्तीस माणसे आहेत. झोपडपट्टीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर, असे प्रमाण या शहराने वर्षानुवर्षे वापरले. पस्तीस माणसांना ४५ लिटर म्हणजे १,५७५ लिटर, विहिरीतले दोन फूट पाणी. १३५ लिटर म्हणजे ४,७२५ लिटर, सहा फूट पाणी! झोपडीतल्या बाईचा घसा लहान असतो काय? तिच्या मुलाला शौचाला पाणी कमी लागते काय? मनूने माणसाची प्रतवारी जन्मावरून केली होती. आमच्या नियोजनकारांनी ती पत्र्यावरून आणि स्लॅबवरून केली. गावातील घरासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ५५ लिटरचे प्रमाण ठरवले. म्हणजे मुंबईच्या झोपडीला गावच्या घरापेक्षाही कमी!

आणि हे अशा शहरात, जिथे विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा अशा सात तलावांतून रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी येते. यातील बहुतेक पाणी ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरातून येते, तिथल्या आदिवासी भगिनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहात बसतात. इकडे तानसाच्या जलवाहिनीला खेटून विद्याविहार-घाटकोपर परिसरात लोकांनी आयुष्य काढले. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी त्यांची घरे उठवून त्यांना माहुलच्या प्रदूषणात पाठवण्यात आले. डोक्याशी पाणी वाहात होते आणि घशाला कोरड होती. धरणाच्या काठावरचा तहानलेला, पाईपच्या काठावरचाही तहानलेला. या तहानलेल्यांची जात तपासून पाहा!

कायदा काय म्हणतो? घटनेच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात जात-धर्मावरून होणारा भेदभाव बंद केला. महाडचे तळे बाबासाहेबांनी असे घटनेत आणले. कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात शुद्ध पाण्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले. आणि मुंबईच्या झोपडपट्टीसाठी सर्वात महत्त्वाचा निकाल आहे तो पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी दिलेला. झोपडी बेकायदेशीर आहे, २००० सालानंतरची आहे, म्हणून तिथल्या माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अर्थात निकाल पूर्ण वाचला पाहिजे. अधिकृत घराइतकाच पाण्याचा हक्क मिळेल असे न्यायालयाने म्हटलेले नाही, जादा दर लावण्याची मुभाही ठेवली आहे आणि नळ मिळाला म्हणून झोपडी कायदेशीर होत नाही. तरीही दार उघडले. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले, ते या लढ्याचे फळ आहे. ते कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची भेट नाही, हे लक्षात ठेवा.

भूजलाच्या कायद्यात मात्र अजून मनूचा नसला तरी मालकाचा वास आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखाली झिरपणारे पाणी जमीनमालकाचे मानले. शेजाऱ्याने खोल बोअर मारून तुमची उथळ विहीर कोरडी केली तरी त्या कायद्याने तुम्ही काही करू शकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आणि पैसा, त्याचे पाणी. केरळमध्ये प्लाचिमाडा येथे शीतपेयाच्या कारखान्याभोवतीच्या आदिवासींच्या विहिरी बिघडल्या, तेव्हा उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००३ मध्ये भूजल ही जनतेची ठेव आहे असे म्हटले, पण २००५ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. आपल्याकडे महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ आहे, तो २०१४ पासून लागू झाला. साठ मीटर वा अधिक खोलीच्या विहिरीला तो ‘खोल विहीर’ म्हणतो आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देतो. गावातल्या बांधवांनी या कायद्याखाली तक्रार करण्याची सवय लावून घ्यावी.

त्याचबरोबर विहिरीचा कागद पाहा. गावाकडे सातबाऱ्यावर इतर हक्कात विहिरीची नोंद आहे काय, तुमचा हिस्सा किती, वाटणीपत्रात पाण्याची पाळी लिहिली आहे काय? वडील गेले की पहिले भांडण बांधावर होते आणि दुसरे विहिरीवर. विहीर दुरुस्तीला पैसा पाठवण्यापूर्वी नोंद करून घ्या, नाहीतर मुंबईतल्या भावाचा घाम आणि गावातल्या दुसऱ्याच कुणाचे पाणी! शेतजमीन असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना नव्या विहिरीसाठी आणि जुनी विहीर दुरुस्त करण्यासाठी अनुदान आहे. दुरुस्तीचे अनुदान २०१७ मध्ये ५० हजार होते, २०२४ मध्ये ते १ लाख करण्यात आले. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करा. पण ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याला ही योजना स्पर्श करत नाही. आणि आपल्यातले बहुसंख्य तेच आहेत.

ज्याला स्वतःची विहीर नाही त्याचे काय होते? वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वरला २०१६ मध्ये पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले, म्हणून एका दलित मजुराने मोलमजुरी सांभाळून चाळीस दिवसांत एकट्याने विहीर खोदली. आपण त्याचे कौतुक केले आणि केलेच पाहिजे. पण नव्वद वर्षांनंतरही एका माणसाला स्वतःचे महाड एकट्याने खोदावे लागते, याची लाज कुणाला वाटली? जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातील वाकडी येथे जून २०१८ मध्ये विहिरीत पोहले म्हणून दलित मुलांना विवस्त्र करून मारले. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार विहीर, तलाव, नळ यांच्या वापरास अनुसूचित जातीच्या माणसाला अडथळा करणे हा स्पष्ट गुन्हा आहे. फिर्याद देताना ‘पाणी भरू दिले नाही’ हे शब्द लिहूनच घ्या.

आता थोडे स्वतःकडेही पाहू. ११ जुलै १९९७ रोजी याच घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे शहीद झाली. अस्मितेसाठी आपण छाती पुढे करतो, हे जगाने पाहिले. पण त्याच वस्तीत तासभर पाणी उशिरा आले की आपण काय करतो? बाया आपसात भांडतात आणि पुरुष पिंप विकणाऱ्या दादाला पैसे देतात. काही ठिकाणी तो दादा निळा झेंडा लावणाराच असतो, हेही लिहिले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या नियमांवरून मुंबईतले टँकरवाले १० तारखेला संपावर गेले. महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याचा पवित्रा घेतला आणि संप मिटला तो १४ एप्रिलला! सोसायट्यांचे पाणी चार दिवस अडले तर आपत्ती. झोपडपट्टीचे चाळीस वर्षे अडले तर ती सवय? त्या दिवशी आपण चौकाचौकात जयंती साजरी करत होतो. मिरवणूक जरूर काढा, पण एका वर्षी ध्वनिक्षेपकाच्या भिंतीचा खर्च वाचवून वस्तीत पाच हजार लिटरची टाकी बसवा. महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष २०२७ आहे. त्याला यापेक्षा चांगले अभिवादन कोणते?

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, तुम्हीच लोकांना विहीर दुरुस्त करायला शिकवता, मग सरकार म्हणणार नाही काय, यांच्याकडे विहीर आहे, यांना नळ कशाला? हा धोका खरा आहे. आपली मेहनत हा सरकारचा बहाणा होऊ शकतो. म्हणूनच मी दोन्ही कामे एका दिवशी करायला सांगतो. ज्या दिवशी गाळ काढायला यारी लावाल, त्याच दिवशी नळजोडणीचा अर्ज लिहा. गटाने अर्ज करा, प्रत्येक घराचा ओळखपुरावा आणि राहण्याचा पुरावा जोडा, विहिरीचे पाणी पिण्यायोग्य नसल्याचा तपासणी अहवाल जोडा, २०१४ च्या निकालाचा आणि २०२२ च्या धोरणाचा उल्लेख करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला कोर्टात किंमत नाही, लेखी नकाराला आहे. विहीर ही आपली हिंमत आहे, नळ हा आपला हक्क आहे. हिंमत आहे म्हणून हक्क सोडायचा नसतो.

पावसाळ्यानंतर त्या ताई पुन्हा विहारात आल्या. विहिरीची वही आणली होती. त्यांच्या सातवीतल्या नातीने दर रविवारी दोरी सोडून पाण्याची पातळी लिहिली आहे, तारखेसह, एकही रविवार न चुकवता. वहीच्या शेवटच्या पानाला टाचणीने नळाच्या अर्जाची शिक्का मारलेली पोच लावली होती. नळ अजून आलेला नाही. पण बोअरिंगवाल्याची चिठ्ठी जिथे होती त्या पदराच्या गाठीत आता हक्काचा कागद आहे. महाडला कागदावरून निकालापर्यंत दहा वर्षे लागली होती. आपल्याला इतका वेळ लागू द्यायचा नसेल तर वस्तीवस्तीत अशी एक वही, एक पोच आणि ती सांभाळणारी एक नात तयार झाली पाहिजे.

जयभीम!